प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर काय वाचायचं आणि कुठल्या क्रमानं

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १३ वर्षं झाली. बायोप्सीच्या बाटल्या उघडायच्या, तुकडे मोजायचे, ब्लॉक बनवायचे, स्लाइड कापून रंगवायच्या हे माझं रोजचं काम, निदान करायचं काम आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचं. तरी ३ वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या मामांचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला तेव्हा मीसुद्धा एक ओळ वाचून मोबाईल पालथा ठेवला होता. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, एवढा एकच शब्द दिसला, त्याच्या खालच्या आठ-नऊ ओळी दिसल्याच नाहीत, आणि मामांचं पुढं काय होऊ शकतं ते सगळं त्या खालच्या ओळींमध्येच होतं.

म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या घरी आत्ता असा कागद आलाय, वडिलांचा, काकांचा, सासऱ्यांचा, त्यांच्यासाठी. ट्रीटमेंट काय घ्यायची ते डॉक्टरच सांगणार, पण त्यांच्यासमोर दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली आठ जर नुसतं घाबरण्यात गेली तर विचारायचं राहून जातं, म्हणून आधी घरी बसून हा कागद नीट वाचून जा.

पायरी १. आधी बघा तुकडा कुठून आणि कसा घेतलाय

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा तुकडा दोन प्रकारे लॅबमध्ये येतो. एक सुईनं, सोनोग्राफी किंवा एमआरआय बघून साधारण १०-१२ जागांवरून बारीक शेवयांसारखे तुकडे काढतात, त्यांना कोअर म्हणतात, एमआरआयमध्ये संशयाची जागा दिसली असेल तर तिथले दोन-चार जास्तीचे घेतात. दुसरा प्रकार म्हणजे लघवीला त्रास होतो म्हणून दुर्बिणीनं प्रोस्टेट खरवडायचं ऑपरेशन होतं, त्यात निघालेले चिप्स. आपल्याकडे हे दुसरं बऱ्याच घरी होतं, ऑपरेशन साध्या वाढलेल्या प्रोस्टेटचं म्हणून झालेलं असतं आणि आठवड्यानं कळतं की चिप्समध्ये कॅन्सर आहे. असं असेल तर रिपोर्टमध्ये किती टक्के चिप्समध्ये आहे ते शोधा, कारण ५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर स्टेज टी१ए म्हणतात आणि त्याच्या वर असेल तर टी१बी, दोन्हीचं पुढचं बोलणं वेगळं असतं.

सुईची बायोप्सी अजून व्हायची असेल तर एक गोष्ट हात जोडून सांगतो, डॉक्टरांना आधी विचारा की कोअर वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवणार ना, निदान उजवे आणि डावे तरी वेगळे. आमच्या मामांची बायोप्सी ज्या ठिकाणी झाली तिथून बाराच्या बारा तुकडे एकाच बाटलीत गेले. ते एकमेकांत गुंतून तुटतात, मग मुळात किती होते आणि कुठल्या बाजूचा कुठला ते कुणालाच सांगता येत नाही, आणि सर्जनला प्रोस्टेटला चिकटून जाणाऱ्या, लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवायच्या की नाही हे ठरवताना नेमकी तीच माहिती लागते. बाटलीत फॉर्मलिन हवं, १० टक्क्यांचं. सलाईनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाठवलेला तुकडा मी बघितलाय, पेशी कुजायला लागतात आणि मग कितीही चांगला पॅथॉलॉजिस्ट असला तरी त्याला नीट दिसणार नाही.

पायरी २. निदानाचा शब्द नीट वाचा, सगळे शब्द कॅन्सरचे नसतात

तुकडा आमच्याकडे आला की मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून साधारण ४ मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापतो आणि दोन रंगांनी रंगवतो, पेशींची केंद्रकं जांभळी दिसतात, बाकी सगळं गुलाबी. मग मायक्रोस्कोप. बहुतेक वेळा तेवढ्यात निदान होतं, पण कधी कधी ग्रंथी इतक्या थोड्या असतात की खात्री होत नाही. निरोगी ग्रंथीभोवती बेसल पेशींचं एक कुंपण असतं, कॅन्सरमध्ये ते नाहीसं होतं, म्हणून संशय असला की आयएचसी नावाची जास्तीची टेस्ट करून ते कुंपण आहे का नाही ते बघतात, त्यात पी६३ वगैरे नावं दिसतील. रिपोर्ट चार दिवस लांबला तर बरेचदा कारण हेच असतं, लॅबला फोन करून ओरडण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

एएसएपी लिहिलं असेल तर अर्थ असा की संशय आहे, पण कॅन्सर म्हणण्याएवढं ठोस काही दिसलं नाही, अशा वेळी डॉक्टर पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रोटीन, रक्ताच्या टेस्टमध्ये मोजतात) आणि एमआरआय बघून परत बायोप्सीबद्दल बोलतात. हायग्रेड पिन म्हणजे ग्रंथीच्या आतल्या पेशी बिघडल्यासारख्या दिसतात, पण तो कॅन्सर नाही. आणि ॲसिनार ॲडिनोकार्सिनोमा म्हणजे प्रोस्टेटचा नेहमीचा कॅन्सर, खूप मोठ्या बहुसंख्य रिपोर्टमध्ये हाच असतो. क्वचित कुठंतरी डक्टल किंवा स्मॉल सेल असं लिहिलेलं असतं, ते वेगळे प्रकार आहेत, जास्त आक्रमक, आणि स्मॉल सेलमध्ये तर पीएसए कमी असूनही आजार पसरलेला असू शकतो, त्यामुळं हे शब्द दिसले तर मोठ्या कॅन्सर सेंटरला दाखवायला उशीर करू नका.

पायरी ३. ग्लीसन स्कोअर आणि ग्रेड ग्रुप, इथं वेळ द्या

अख्ख्या कागदात सगळ्यात जास्त वजन कशाला असेल तर याला. डोनाल्ड ग्लीसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट अमेरिकेत मिनियापोलिसच्या सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये होते, त्यांनी १९६० च्या दशकात एक वेगळाच विचार केला, की एकेक पेशी किती विचित्र दिसते ते बघायचंच नाही, ग्रंथींची रचना किती मोडलीये तेवढंच बघायचं. १९६६ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा छापलं. हातानं काढलेलं पाच पॅटर्नचं त्यांचं एक चित्र आहे, त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही लॅबच्या भिंतींवर असतात, आमच्याकडेही आहे. मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, कारण एवढी जीन्सची वगैरे तंत्रं आली तरी पेशंटचं पुढं काय होईल याचा अंदाज बांधायला आजही पहिल्यांदा तेच बघतात.

वस्तीचं उदाहरण घ्या. पॅटर्न ३ म्हणजे घरं वाढलीत, दाटीवाटीनं आहेत, जागा नाही तिथं बांधलीत, पण प्रत्येक घराला स्वतःच्या चार भिंती आणि मधे मोकळं अंगण आहे. पॅटर्न ४ मध्ये भिंती एकमेकांत घुसल्यात, कुठलं घर कुणाचं कळत नाही, काही घरांना धड आकार नाही. पॅटर्न ५ मध्ये घरं राहिलीच नाहीत, माणसं नुसती रस्त्यावर, एकेकटी किंवा रांगेनं किंवा जमावानं. पॅटर्न १ आणि २ आता सुईच्या बायोप्सीत देतच नाहीत.

स्कोअर म्हणजे दोन आकड्यांची बेरीज. सुईच्या बायोप्सीत पहिला आकडा सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पॅटर्नचा आणि दुसरा उरलेल्यातल्या सगळ्यात वाईटाचा. म्हणून प्रत्यक्षात सगळ्यात कमी स्कोअर ३+३=६ असतो. इथं लोकांचा फार मोठा गैरसमज होतो, दहापैकी सहा म्हणजे साठ टक्के कॅन्सर झाला असं वाटून माणसं रडतात, आणि खरं तर ६ हा सगळ्यात सौम्य असतो, शुद्ध ६ असलेला कॅन्सर लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये, जवळजवळ जातच नाही. हा घोळ मिटावा म्हणून २०१४ मध्ये शिकागोला जगभरच्या युरोपॅथॉलॉजिस्टांनी बसून १ ते ५ असे ग्रेड ग्रुप स्वीकारले आणि २०१६ पासून डब्ल्यूएचओच्या पुस्तकातही ते आले:

३+३ म्हणजे ग्रुप १
३+४ म्हणजे ग्रुप २
४+३ म्हणजे ग्रुप ३
बेरीज ८ म्हणजे ग्रुप ४
बेरीज ९ किंवा १० म्हणजे ग्रुप ५

३+४ आणि ४+३, बेरीज दोन्हीकडे ७, मग वेगळं का करायचं? ह्याचं उत्तर आकड्यातच आहे. पाच मोठ्या सेंटरमध्ये प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन झालेल्या २०,८४५ पुरुषांचा डेटा २०१६ मध्ये छापला गेला. ऑपरेशननंतर ५ वर्षांत पीएसए परत न वाढलेले किती, तर ग्रुप १ मध्ये ९६ टक्के, ग्रुप २ मध्ये ८८, ग्रुप ३ मध्ये ६३, ग्रुप ४ मध्ये ४८ आणि ग्रुप ५ मध्ये २६. ८८ आणि ६३, दोघांची बेरीज ७ च, आणि फरक केवढा बघा.

पण थांबा, हे आकडे माणूस जगला की नाही त्याचे नाहीयेत. पीएसए परत वाढला म्हणजे कुठंतरी पेशी शिल्लक आहेत एवढाच अर्थ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सनं १९९९ मध्ये ऑपरेशन झालेल्या १,९९७ पुरुषांचा अभ्यास छापला होता, त्यात ज्यांचा पीएसए परत वाढला आणि लगेच हार्मोनची ट्रीटमेंट दिली नाही त्यांच्यात पीएसए वाढल्यापासून आजार हाडात वगैरे दिसायला लागलेला मध्यक काळ (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ८ वर्षं होता, आणि तिथून मृत्यूपर्यंत आणखी ५. तेव्हाची औषधं आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती हेही धरा. ग्रुप ३-४-५ वाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा अशी विनंती आहे.

पायरी ४. किती कोअर, किती टक्के

आता मोजमाप. बारापैकी किती कोअरमध्ये सापडला, प्रत्येक कोअरचा किती टक्के भाग किंवा किती मिलिमीटर. बारापैकी एकात ५ टक्के आणि बारापैकी नऊमध्ये ८० टक्के, दोन्हीकडे ग्लीसन तोच असला तरी आजार तोच नाही. ग्रुप २ किंवा ३ असेल तर आणखी एक आकडा शोधा, पॅटर्न ४ किती टक्के आहे तो. ३+४ मध्ये चार फक्त ५ टक्के असेल तर तो माणूस ग्रुप १ च्या शेजारी बसलाय, आणि ४० टक्के असेल तर ग्रुप ३ च्या दारात उभा आहे. हा आकडा रिपोर्टमध्ये नसेल तर लॅबला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आमच्याकडे कुणी विचारलं तर मॅडम परत स्लाइड बघून सांगतात, कुणालाही राग येत नाही.

पायरी ५. छोट्या ओळी, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही

क्रिब्रिफॉर्म. हा शब्द आहे का ते शोधाच. बुंदी पाडायचा झारा डोळ्यासमोर आणा, पेशींच्या एका मोठ्या चकतीत भोकंच भोकं, मधे एकाही भिंतीला आधार नाही. हा पॅटर्न ४ चाच एक प्रकार आहे पण चारांमधला वाईट, हा असला तर आजार प्रोस्टेटच्या बाहेर जायची आणि नंतर पसरायची शक्यता वाढते. त्यामुळं ज्यांचा विचार नुसतं लक्ष ठेवायचा चाललाय त्यांच्यासाठी ही एक ओळ निर्णय बदलू शकते.

इंट्राडक्टल कार्सिनोमा. नाव ऐकून लोकांना वाटतं नळीच्या आतच आहे म्हणजे बरं, ब्रेस्टच्या बाबतीत तसं ऐकलेलं असतं. प्रोस्टेटमध्ये उलटं आहे, बहुतेक वेळा बाजूचा आक्रमक कॅन्सर नळ्यांमध्ये घुसलेला असतो म्हणून तो दिसतो. हा शब्द असेल तर बीआरसीए२ सारख्या जीन्सच्या टेस्टबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, कारण त्याचा संबंध पुढच्या औषधांशी आहे आणि पेशंटच्या भावांशी, मुलांशी, मुलींशीसुद्धा आहे. हो, मुलींशीही, त्याच जीनमुळं ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

पेरिन्युरल इन्व्हेजन, म्हणजे नसेभोवती पेशी दिसल्या. हे वाचून मेंदूत गेलं का असं विचारणारे मला भेटलेत. नाही गेलं. प्रोस्टेटच्या आतल्या बारीक नसा असतात, त्यांच्या कडेकडेनं कॅन्सरला बाहेर यायला सोपं पडतं म्हणून नोंद करतात, ऑपरेशन करून काढलेल्या प्रोस्टेटमध्ये तर हे खूप जणांना सापडतं. एकट्या ह्या ओळीवर झोप घालवू नका.

पायरी ६. कागद एकटा वाचू नका, शेजारी पीएसए ठेवा, आणि गोळ्यांची चिठ्ठी

टिश्यू काय सांगतो ते अर्धं झालं, उरलेलं पीएसए, बोटानं केलेली तपासणी आणि एमआरआय यांच्यात आहे. हे एकत्र करायला डॉक्टरांकडे वेगवेगळी गणितं असतात, त्यातलं घरी समजण्यासारखं एक म्हणजे काप्रा स्कोअर, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत बनवलेला, ० ते १०. ० ते २ कमी धोका, ३ ते ५ मधला, ६ आणि वर जास्त.

मामांचंच करून दाखवतो. वय ६८, पन्नाशीच्या वर म्हणून १. पीएसए ८.४, सहा ते दहामध्ये म्हणून १. ग्लीसन ३+४, चार दुसऱ्या जागी म्हणून १. बारापैकी पाच कोअर, ३४ टक्क्यांच्या वर म्हणून १. तपासणीत बाहेर आल्यासारखं काही नाही म्हणून ०. एकूण ४, मधला धोका. सगळे जरा सैल झाले.

मग मी मामींना सहज विचारलं की मामा गोळ्या कुठल्या घेतात, आणि त्यांनी पिशवीच आणून ठेवली. त्यात ड्युटास्टेराइड होती, दोन वर्षांपासून, लघवीसाठी कुणीतरी दिलेली. ही गोळी आणि तिची बहीण फिनास्टेराइड, सहा महिने वगैरे घेतली की पीएसए साधारण निम्मा करून टाकतात. म्हणजे ८.४ हा खरा ८.४ नव्हताच, डॉक्टरांनी तो दुप्पट धरला, १६.८. बायोप्सीच्या फॉर्मवर ही गोळी कुणी लिहिलेली नव्हती, विचारलंच नव्हतं कुणी. तेव्हा कृपा करून घरातल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, टक्कल पडतं म्हणून घेतलेलीसुद्धा, कारण त्यात फिनास्टेराइडच असते.

पायरी ७. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा

३ आणि ४ मधली सीमा डोळ्यानं ठरते. दोन चांगले, अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर वेगळं म्हणू शकतात, त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. म्हणून मोठा निर्णय घ्यायचा असेल तर प्रोस्टेट रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून रिव्ह्यू करून घ्या. मुंबईला टाटा मेमोरियलला गेलात तर तिथं बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक मागतात आणि स्वतः बघतात, ते याच्यासाठीच.

कसं करायचं: जिथं बायोप्सी तपासली त्या लॅबला अर्ज द्या, मेणाचे ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड दोन्ही मागा, रिपोर्टची प्रत सोबत. ब्लॉक पेशंटच्या शरीराचा भाग आहे, तुम्ही मागू शकता, लॅब सही घेऊन देते. नेताना ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे, वितळतं. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत, नुसत्या कागदात गुंडाळून नेलेल्या फुटून आलेल्या मी स्वतः गोळा केल्यात, आणि एकच कोअर पॉझिटिव्ह होता आणि तीच स्लाइड फुटली होती.

मामांच्या रिव्ह्यूमध्ये ४+३ आलं, आणि क्रिब्रिफॉर्म आहे असंही. आता परत काप्रा करा: वयाचा १, पीएसए १६.८ चे २, चार पहिल्या जागी आला म्हणून ३, कोअरचा १. एकूण ७. चारचे सात झाले, आणि आजार तर तोच, तुकडे तेच, फक्त एक गोळी कळली आणि स्लाइड नीट बघितली गेली. त्या दिवशी मामा मला म्हणाले, "अरे, मग आधीच्या चारवर विसंबून आपण वर्षभर थांबलो असतो का रे?" मी त्यांना खरं तेच सांगितलं, कदाचित थांबलो असतो.

रिव्ह्यू दर वेळी वाईटाकडेच नेतो असं नाही, ४+३ चं ३+४ झालेलं आणि माणूस रेडिएशन-हार्मोनच्या मोठ्या कोर्समधून वाचलेला पण बघितलाय.

पायरी ८. कमी धोका आला तर थांबायला घाबरू नका

ग्रुप १, थोडेच कोअर, पीएसए १० च्या आत, असं असेल तर डॉक्टर ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतील, म्हणजे ऑपरेशन नाही, ठरावीक दिवसांनी पीएसए, एमआरआय, परत बायोप्सी. घरच्यांना हे पटत नाही, कॅन्सर आहे आणि काढत कसे नाहीत म्हणून भांडतात. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर एक मोठी ट्रायल झाली, पीएसए तपासून लवकर सापडलेल्या आजारात एका गटाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन आणि एकावर नुसतं लक्ष. साधारण १५ वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आले तेव्हा तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले ४५ जण होते, २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरलेले मात्र जास्त होते, आणि बऱ्याच जणांनी पुढं ट्रीटमेंट घेतली, हेही लपवायचं नाही.

पण हे त्या लवकर सापडलेल्यांचं. आपल्याकडे बरेच पेशंट लघवी अडल्यावर किंवा कंबर दुखायला लागल्यावर येतात, तेव्हा ग्रुप ४-५ असतो आणि पीएसए शंभराच्या वर पण असतो. अशा वेळी बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन आधी, कारण आजार हाडात गेलेला असेल तर पुढचा अंदाज ग्लीसनपेक्षा किती आणि कुठं पसरलाय त्याच्यावर जास्त ठरतो.

पायरी ९. ऑपरेशन झालं असेल तर दुसरा रिपोर्ट येतो, तो पहिल्यापेक्षा खरा

सुईनं शेवया बघितल्या, आता अख्खी ग्रंथी समोर असते. ती आली की मी पहिल्यांदा तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावतो, उजवीकडे एक रंग, डावीकडे दुसरा. नंतर मायक्रोस्कोपखाली कॅन्सर त्या शाईला टेकलेला दिसला तर मार्जिन पॉझिटिव्ह, नाही टेकला, केसाएवढं अंतर असलं तरी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह असेल तर किती मिलिमीटर लांब टेकलाय आणि तिथं कुठला पॅटर्न आहे ते विचारा, ३ मिलिमीटरच्या आत आणि पॅटर्न ३ असेल तर बरंच हलकं घेता येतं.

बाकीचं असं. पीटी२ म्हणजे ग्रंथीच्या आतच. पीटी३ए म्हणजे बाहेरच्या चरबीत आला, त्यातही थोडासा का बराच हे लिहिलेलं असतं. पीटी३बी म्हणजे वीर्यकोशात शिरला, हे जास्त गंभीर. लिम्फ नोडचं ०/१४ असं लिहितात, म्हणजे १४ तपासल्या आणि एकीतही नाही. ग्लीसन बायोप्सीपेक्षा बदललेला असू शकतो, वर पण जातो आणि खाली पण येतो, अख्ख्या ग्रंथीवरचा धरायचा. एक अपवाद, आधी हार्मोनचं इंजेक्शन किंवा रेडिएशन झालेलं असेल तर पेशी त्यानं इतक्या बदलतात की पॅथॉलॉजिस्ट ग्लीसन देतच नाहीत, रिपोर्टमध्ये तो रकाना रिकामा दिसला तर चूक झाली असं समजू नका, पण ती इंजेक्शनं झालीत हे लॅबच्या फॉर्मवर लिहायला सांगा.

ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांनी पीएसए करतात, तो ०.१ च्या खाली हवा. पुढं कधी ०.२ किंवा वर गेला आणि परत करूनही तेवढाच आला तर परत आलाय असं धरतात. रेडिएशनवाल्यांचा नियम वेगळा, त्यांच्यात प्रोस्टेट शरीरातच असतं म्हणून पीएसए शून्य होत नाही, जो सगळ्यात खालचा आकडा आला असेल त्याच्यावर २ नं वाढला की मग. हे दोन नियम एकमेकांत मिसळून शेजारच्या काकांचा ०.८ आणि आपल्या वडिलांचा ०.८ सारखाच समजणारे खूप आहेत.

डेसिफर, प्रोलारिस, ऑन्कोटाइप अशा जीन्सच्या टेस्टची नावं पण नेटवर वाचायला मिळतील, त्या ह्याच मेणाच्या ब्लॉकवर होतात, डेसिफरमध्ये २२ जीन्स बघतात. महागड्या आहेत, आणि माझं मत विचाराल तर जिथं दोन ट्रीटमेंटमध्ये डॉक्टर स्वतः अडलेत तिथंच त्यांचा विचार करा, तेवढ्या पैशात आधी चांगला स्लाइड रिव्ह्यू करा.

पायरी १०. डॉक्टरकडे जाताना एका पानावर हे लिहून न्या

वय, सगळ्यात अलीकडचा पीएसए तारखेसकट, आधीचे असतील तर तेही. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड चालू आहे का, कधीपासून. ग्रेड ग्रुप. कितीपैकी किती कोअर. पॅटर्न ४ किती टक्के. क्रिब्रिफॉर्म, इंट्राडक्टल, आहे, नाही, का लिहिलेलंच नाही, हे तिसरं वेगळं लिहा कारण न लिहिणं म्हणजे नसणं नाही. घरात कुणाला प्रोस्टेट, ब्रेस्ट, ओव्हरीचा कॅन्सर होता का, आईकडचे पण धरा, लोक वडिलांकडचेच सांगतात. आणि खाली तीनच प्रश्न: आमचा धोका कमी, मधला का जास्त, कशावरून, आणि स्लाइडचा रिव्ह्यू झाला तर हे बदलू शकतं का.

मामांचं ऑपरेशन झालं, शेवटचा रिपोर्ट ४+३, पीटी३ए, मार्जिन निगेटिव्ह, नोड ०/१४. पहिला पीएसए ०.१ च्या खाली आला, तेव्हापासून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि आता सहा महिन्यांनी करतात, त्याच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे थोडे वेगळे येतात. एका वहीत तारीख आणि आकडा लिहून ठेवतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी ब्लॉकचा नंबर आणि ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहेत ते लिहून ठेवलंय, तुम्हीही लिहा, कारण पुढं पाच-सात वर्षांनी एखादी टेस्ट करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच शोधावं लागतं.